दोनशे चोपन्न कोटींची रात्र

'फोर टॉप्स' या डेट्रॉइटच्या चार गायकांचा 'रीच आऊट' हा अल्बम १९६७ साली निघाला. बारा इंची तबकडी, दोन बाजू, बारा गाणी. सगळी मिळून अर्ध्या तासाहून थोडी जास्त भरतात. हिशेबाला ३४ मिनिटं धरू. तबकडी उजेडात तिरपी धरली की तिच्यावर शेकडो बारीक वर्तुळं दिसतात. पण तिथे वर्तुळ एकही नसतं. प्रत्येक बाजूला एकच खाचणी असते. ती काठावर सुरू होते आणि आत आत वळत जाऊन मधल्या लेबलाशी संपते. बारा गाणी ही दोन सलग रेघांवर कोरलेली आहेत, कुठेही न तुटलेल्या.

ही रेघ किती लांब असेल? तबकडी मिनिटाला ३३ पूर्णांक एक तृतीयांश फेरे घेते. १७ मिनिटांच्या एका बाजूला जवळपास ५६७ फेरे. बाहेरचे फेरे मोठे, आतले लहान. सरासरी फेरा ६६ सेंटिमीटरचा धरला तर एका बाजूची खाचणी पावणेचारशे मीटर भरते. दोन्ही बाजूंची मिळून पाऊण किलोमीटर. आणि रुंदी? माणसाच्या केसापेक्षाही कमी, मिलिमीटरच्या विसाव्या भागाच्या आसपास. या रेघेच्या दोन्ही भिंतींवर नागमोडी वळणं असतात. त्यांतली सगळ्यात नाजूक वळणं प्रकाशाच्या तरंगलांबीइतकी सूक्ष्म, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहून लहान असतात. सुई त्यांवरून सेकंदाला सरासरी ३७ सेंटिमीटर वेगाने धावते. सुईवरचा भार जेमतेम दोन ग्रॅम, पण ती टेकते इतक्या कमी जागेवर की तिथला दाब हवेच्या दाबाच्या हजारो पट होतो. त्या दाबाखालून माणसाचा आवाज बाहेर येतो, आणि तोही कळवळलेला, काकुळतीला आलेला, ओळखू येईल असा. ध्वनिमुद्रणाचा इतिहास कितीही वाचला तरी मला ही गोष्ट अजून पूर्ण पचलेली नाही.

ऐकणारा कान तर याहून अचाट. शांत जागी तरुण, निरोगी कानाला ऐकू येणारा सर्वांत हळू आवाज हवेच्या दाबात जो फरक करतो, तो नेहमीच्या दाबाचा पाचशे कोटींवा भाग असतो. त्या वेळी कानाचा पडदा हायड्रोजनच्या एका अणूच्या व्यासापेक्षाही कमी हलतो. त्या किमान आवाजापासून कान दुखू लागेपर्यंत ध्वनीची तीव्रता एक लाख कोटी पटींनी वाढते, आणि एवढा सगळा पल्ला एकच कान सांभाळतो. माणसाने बनवलेली फार थोडी मापं इतकी लांबरुंद असतील.

आता गाणाऱ्यांकडे येऊ. लेव्हाय स्टब्स, अब्दुल 'ड्यूक' फकीर, रेनाल्डो 'ओबी' बेन्सन आणि लॉरेन्स पेटन. १९५०च्या दशकाच्या मध्याला, शाळकरी वयातून नुकती बाहेर पडलेली ही पोरं एकत्र गाऊ लागली. ड्यूक फकीरचे वडील आज बांगलादेशात असलेल्या मुलखातून डेट्रॉइटला गेलेले. आपल्याकडच्या वाचकाला त्या आडनावाचं नवल वाटायला नको. ज्या मोटाऊन कंपनीसाठी चौघे गायले, ती १९५९ साली बेरी गॉर्डीने घरच्या बचतीतून घेतलेल्या ८०० डॉलरच्या कर्जावर उभी केली होती. १९८८ साली ती ६ कोटी १० लाख डॉलरना विकली गेली. म्हणजे ७६,२५० पट. असे आकडे वर्तमानपत्रांना आवडतात आणि ते खरेही आहेत.

मला मात्र या चौघांचा दुसराच आकडा मोठा वाटतो. १९९७ साली लॉरेन्स पेटन वारला, तोवर या चमूत एकही माणूस बदलला नव्हता. चार दशकांहून अधिक काळ, दिवसांत मोजायचं तर साडेपंधरा हजारांच्या आसपास दिवस, तेच चार गळे. त्याच शहरातल्या, त्याच कंपनीच्या 'टेम्प्टेशन्स' या तितक्याच नावाजलेल्या चमूत आजवर वीसहून अधिक गायक आले आणि गेले. चार माणसांत जोड्या सहा होतात. पैसा, प्रवास, आजार, रुसवे-फुगवे या सगळ्यांतून त्या सहाच्या सहा जोड्या चाळीस वर्षं टिकल्या. तबकडीवरची रेघ तुटत नाही, ते यंत्राचं कौशल्य. ही माणसांची रेघ तुटली नाही, त्याला काय म्हणावं?

चार गळे एकत्र आले म्हणजे आवाज चौपट मोठा ऐकू येतो असं नाही. चौघांनी मिळून ध्वनीची पातळी वाढते फक्त सहा डेसिबलने; कानाला तो दीडपट मोठा वाटेल, इतकंच. मग समूहाने साधतं काय? दोन माणसं कधीच तंतोतंत एका स्वरावर नसतात. एकाचा गळा सेकंदाला २०० कंपनं करतो, दुसऱ्याचा २०३. त्या तीनाच्या फरकामुळे आवाज सेकंदाला तीनदा फुगतो आणि ओसरतो. तिसरा गळा आला की आणखी फरक, चौथा आला की आणखी. या बारीक चुकांची बेरीज होऊन आवाजाला जाडी येते, ऊब येते. यंत्राने चारही गळे नेमके एका स्वरावर आणले तर ती ऊब निघून जाईल. 'रीच आऊट'मध्ये स्टब्स पुढे हाक देतो आणि मागचे तिघं ती झेलतात. काळ्या माणसांच्या चर्चमधली ही जुनी रीत. मोटाऊनच्या अनेक ध्वनिमुद्रणांत मागे 'अँडांटीज' नावाच्या तीन बायकाही गात असत. फोर टॉप्सच्या गाण्यांतही त्यांचे गळे आहेत. त्यांची नावं मुखपृष्ठांवर छापली जात नसत, ही गोष्ट मला बोचते.

स्टब्सचा गळा मुळात खर्जाकडे झुकणारा. हॉलंड-डोझियर-हॉलंड या तिघा गीतकारांनी त्याला मुद्दाम वरच्या पट्टीत गायला लावलं, म्हणून त्या आवाजात धाप आहे, ताण आहे. 'बर्नाडेट' या गाण्यात शेवटाकडे सगळी वाद्यं एकदम थांबतात. गाणं संपलं असं वाटतं, आणि त्या शांततेतून तो एकटा नावाने हाक मारतो. थांबणं क्षणभराचंच. पण त्या वेळी सुई काय करत असते? ती थांबत नाही. सेकंदभर शांततेसाठीही तिला ३७ सेंटिमीटर धावावं लागतं, सरळ, गुळगुळीत खाचणीतून. शांतताही कोरावीच लागते.

'रीच आऊट आय'ल बी देअर' हे त्यांचं गाणं १९६६च्या ऑक्टोबरात अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलं. ऑक्टोबरात इकडे जव्हार-मोखाड्याच्या डोंगरांवर भात पिवळं होतं, नागली आणि वरई कापणीला येते. हे तालुके तेव्हा ठाणे जिल्ह्यात होते. पालघर जिल्हा झाला २०१४ साली. पावसाळाभर बंद असलेला तारपा याच दिवसांत बाहेर निघतो. धान्यदेवता कणसरीचं देणं घरात येऊ लागलं की पाड्यापाड्यावर रात्री नाच सुरू होतो, तो दिवाळीच्याही पुढे चालतो.

तारपा ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी: वाळवलेला, आतून पोकळ केलेला दुधी भोपळा, त्यात मेणाने बसवलेल्या दोन बांबूच्या नळ्या, नळ्यांत बांबूच्याच पातळ जिभा, आणि खाली ताडाच्या पानांचा गुंडाळून केलेला लांब कर्णा. काही तारपे माणसाच्या उंचीएवढे भरतात. यात लोखंडाचा खिळाही लागत नाही. वादक भोपळ्यात फुंकतो, भोपळ्यात हवा कोंडते आणि दोन्ही जिभा एकदम थरथरू लागतात. दोन नळ्यांचे स्वर जवळपास सारखे, पण तंतोतंत कधीच नाहीत. चार गळ्यांची जी जाडी डेट्रॉइटमध्ये ऐकू येते, ती इथे एका माणसाच्या ओठांपाशी दोन नळ्यांतून निघते.

आता हिशेब. वारली, कोकणा, ठाकूर, महादेव कोळी यांच्या पाड्यांवर नाच रंगला की तो उजाडेपर्यंत चालतो. रात्री नऊ ते पहाटे पाच धरू, म्हणजे आठ तास, २८,८०० सेकंद. मधे विसावा असतो, वादकही एकमेकांना सोडवतात. पण सूर शक्यतो पडू द्यायचा नाही, हा बाणा असतो. त्यासाठी वादक गालांत हवा साठवतो आणि ती फुग्यावाणी दाबून बाहेर सोडत असतानाच नाकाने आत श्वास घेतो. फुंक आणि श्वास एकाच क्षणी. निवांत बसलेला माणूस मिनिटाला पंधराएक वेळा श्वास घेतो. आठ तासांत ते ७,२०० होतात. तितक्या वेळा हवा आवाजाला न कळू देता आत घ्यायची! एकदा जरी चूक झाली तरी सूर उसवतो आणि फेर धरलेल्या माणसांचं पाऊल अडखळतं.

जीभ सेकंदाला २०० वेळा थरथरते असं समजू. पुरुषी गळा गाताना सहज गाठतो तो स्वर. २०० गुणिले २८,८०० म्हणजे एका रात्रीत ५७ लाख ६० हजार थरथर. बांबूची ती चिमुकली जीभ सकाळी पुन्हा बांबूचीच जीभ असते. वादक ती पुसून, मेण चाचपून ठेवून देतो.

नाचणाऱ्यांचा हिशेब तर मला सर्वांत प्रिय आहे. एकमेकांच्या कमरेला हात घालून साखळी करायची, मध्ये तारपावाला, पुढे घुंगरांची काठी आपटणारा म्होरक्या. तारपावाल्याला पाठ दाखवायची नाही. समजा तीस माणसं आहेत आणि प्रत्येकाला अर्धा मीटर जागा लागते. फेर पंधरा मीटरचा होतो. पाय सेकंदाला अर्धा मीटर सरकले तर एक फेरा अर्ध्या मिनिटात. आठ तासांत ९६० फेरे. 'रीच आऊट'च्या दोन्ही बाजू वाजतात तेव्हा तबकडी १,१३३ फेरे घेते. एक ३४ मिनिटांत, दुसरं आठ तासांत, पण फेऱ्यांचा आकडा एका आवाक्यातला!

त्या ९६० फेऱ्यांत प्रत्येक माणूस १४ किलोमीटर ४०० मीटर चालतो. जव्हारहून मोखाड्याच्या रस्त्याला लागलो तर निम्म्याहून पुढे पोहोचू. तीस जणांचं मिळून ४३२ किलोमीटर. आणि ही माणसं दिवसभर शेतात राबून आलेली असतात. विसाव्याचा वेळ वजा करा, पावलं लहान धरा, तरी दहा किलोमीटरच्या खाली आकडा उतरणं कठीण.

माणसं वाढली की फेर एका वर्तुळात मावत नाही. मग साखळी स्वतःभोवती वळते आणि आत आत गुंडाळत जाते. गंजाडचे वारली चित्रकार जिव्या सोमा म्हशे यांच्या चित्रांत हा वळसा जगाने पाहिला आहे: मध्ये तारपावाला, भोवती शेपटीसारखी लांबलेली पांढऱ्या ठिपक्यांची माणसं. म्हशे यांना २०११ साली पद्मश्री मिळाली. त्यांच्या चित्रातला तो वळसा आणि तबकडीवरची खाचणी यांचा आकार एकच आहे. खाचणीची रुंदी मिलिमीटरच्या विसाव्या भागाची, साखळीची माणसाच्या खांद्यांएवढी; म्हणजे साधारण दहा हजार पटींचा फरक. एकीत आवाज कोरलेला असतो आणि सुई फिरते. दुसरीत आवाज मध्यभागी जिवंत असतो आणि माणसंच फिरतात.

समूहाने गायचीही इथे मोठी परंपरा आहे. वारल्यांच्या लग्नात चौक लिहिला जातो, त्यात पालघट देवी बसते, आणि धवलेरी तिच्यापुढे गाते. तीच लग्न लावते. ती एक ओळ पुढे टाकते, बाकीच्या बाया ती उचलतात. स्टब्सची हाक आणि तिघांचा पडसाद यांहून ही रीत काही वेगळी नाही. पण धवलेरीचं गाणं लग्नाच्या विधींएवढं लांब असतं, तासन् तास, आणि ते सगळं तोंडपाठ. मला या बायांपुढे हात जोडावेसे वाटतात.

तारप्याचा आवाज एका पाड्यावरून दुसऱ्या पाड्यावर जातो, यात अतिशयोक्ती नाही. मीटरभर अंतरावरचा आवाज किलोमीटरभर लांब गेला की त्याची तीव्रता दहा लाखांवा भाग उरते. पण कानाचा पल्ला आठवा, एक लाख कोटी पटींचा. दहा लाखांवा भाग त्याला पुरतो. शिवाय जव्हार समुद्रसपाटीपासून साधारण साडेचारशे मीटर उंच. हिवाळ्याच्या रात्री दऱ्यांत गार हवा साचते, वर तुलनेने ऊबदार थर राहतो. आवाज गार हवेत हळू आणि ऊबदार हवेत भरभर चालतो, म्हणून वर निघालेली लाट वाकून पुन्हा खाली येते. दिवसा जो सूर टेकडीआड विरून जातो तो रात्री पलीकडच्या अंगणात उतरतो.

जव्हार तालुक्यातल्या वाळवंडे गावचे भिकल्या लाडक्या धिंडा यांचं नाव २०२६च्या पद्मश्रींच्या यादीत आलं. वय नव्वदीतलं, तारपा हाती धरला लहानपणी. लेव्हाय स्टब्स १९३६चा, ड्यूक फकीर १९३५चा. म्हणजे डेट्रॉइटचे ते गायक आणि वाळवंड्याचा हा वादक एकाच पिढीचे. चौघेही टॉप्स आता हयात नाहीत. फकीर शेवटचा, तो २०२४ साली गेला. पण त्यांचे १९६६-६७चे श्वास ३४ मिनिटांत बंद करून ठेवलेले आहेत आणि जगात कुठेही, कितीही वेळा उघडता येतात. धिंडांनी त्याच सालांत फुंकलेल्या रात्री गेल्या. त्या ज्यांनी पायाखाली घेतल्या त्यांच्या अंगात आहेत, बाकी कुठेच नाहीत.

आज आवाज आकड्यांत साठवतात. नेहमीच्या सीडीच्या दर्जाने ठेवायचा तर डावा-उजवा मिळून सेकंदाला ८८,२०० आकडे लागतात. 'रीच आऊट'चे होतात अठरा कोटी. तारप्याच्या एका रात्रीचे २५४ कोटी. हे आकडे कुणी सेकंदाला एक या गतीने, न झोपता वाचायला बसला, तर फोर टॉप्सचा अल्बम संपायला पावणेसहा वर्षं लागतील. तारप्याची एक रात्र संपायला ऐंशी वर्षं. भिकल्या धिंडांनी तारपा हाती धरल्यापासून आजवर जेवढा काळ गेला, जवळपास तेवढा. हा योगायोग आहे हे मला समजतं, पण गणित करून कागदावर ऐंशी आलं तेव्हा मी ते पुन्हा तपासलं, आणि पुन्हा ऐंशीच आलं.

तारप्याच्या वाट्याला सध्या येतात ती मंचावरची पाच मिनिटं आणि फोनवरचे तीन मिनिटांचे तुकडे. एका रात्रीत असे १६० तुकडे मावतात. तुकड्यात सूर ऐकू येतो, चाल ऐकू येते; पण दुसऱ्या प्रहरी चाल बदलते तेव्हा फेराचं पाऊल कसं बदलतं, थकलेल्या वादकाचा सूर पहाटे किती उतरतो, आणि नव्या वादकाने तो हातात घेतला की जुना फेर कसा सावरतो, हे तुकड्यात नसतं. आणि तारप्याचं मर्म तर त्याच सलगपणात आहे.

अशी एक अखंड रात्र जुन्या रीतीने तबकड्यांवर घ्यायची ठरवली तर वीस-वीस मिनिटांच्या २४ बाजू लागतील, बारा तबकड्या, आणि खाचणीची लांबी दहा किलोमीटरच्या वर. १९६६ साली ते कुणाच्या आवाक्यातलं नव्हतं. आता ते २५४ कोटी आकडे पाच गिगाबाइटांत बसतात; नखाएवढ्या कार्डावर, जे जव्हारच्या बाजारात मोबाइलच्या दुकानात मिळतं. जव्हार आणि मोखाडा मिळून २०११च्या जनगणनेत सव्वादोन लाखांच्या आसपास माणसं, दहांतली नऊ आदिवासी, आणि तारपा वाजवणारे हात अजून आहेत. वादकाला विचारून, त्याला रात्रीचं रास्त मानधन देऊन, पाड्याचं आणि चालींचं नाव नोंदवून, नऊ ते पाच, मधे एकदाही बटण न दाबता ही एक रात्र घ्यायला हवी. येत्या कापणीच्या दिवसांतच.